शंभर डॉलरचा जुगाड

अर्धा तास स्टॉपवर उभं राहायचं, एकही बस नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन बसेस एकामागोमाग! तुमची जाम चिडचिड होते ना? क्लायस्ट्रॉन नावाचं यंत्र मात्र नेमकं याच प्रकारावर चालतं.

क्लायस्ट्रॉन म्हणजे मायक्रोवेव्हचा दणदणीत अॅम्प्लिफायर. (पँट्रीत डबा गरम करता, त्या ओव्हनमध्ये हा नसतो. तिथे असतो त्याचा चुलतभाऊ, मॅग्नेट्रॉन.) फंडा असा : निर्वात नळीत इलेक्ट्रॉन्सचा झोत सोडायचा. वाटेतल्या पहिल्या पोकळीत असतो दुबळा मायक्रोवेव्ह सिग्नल. त्याच्यामुळे काही इलेक्ट्रॉन्स वेग घेतात, काही रेंगाळतात. मग मागचे पुढच्यांना गाठतात, घोळके बनतात आणि शेवटच्या पोकळीतून तालात जाताना आपली ऊर्जा तिथे टाकतात. बाहेर येतो तोच सिग्नल, पण हजारो पट तगडा.

हे सुचलं रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या भावांना. सिगर्ड पॅन अॅमचा पायलट. रात्री, ढगांआडून बॉम्बर विमानं आली तर ती दिसणार कशी, ही धास्ती त्याला स्वस्थ बसू देईना. स्टॅनफर्ड विद्यापीठाने काय दिलं? लॅब वापरायची परवानगी आणि सामानाला 100 डॉलर. पगार शून्य! तिथल्या विल्यम हॅन्सनने पोकळी आधीच बनवली होती. रंबा डान्सवरून तिचं नाव ‘रंबाट्रॉन’. ऑगस्ट 1937मध्ये यंत्र चाललं. सिलिकॉन व्हॅलीच्या गॅरेजच्या गोष्टी फार ऐकल्या बुवा, मला ही जास्त भारी वाटते.

रडारसाठी जन्मलेलं हे यंत्र पुढे भलतीकडेच गेलं. त्याच्या जोरावर स्टॅनफर्डला इलेक्ट्रॉन्स पळवणारे अॅक्सिलरेटर उभे राहिले. त्यांचीच छोटी आवृत्ती डॉ. हेन्री कॅप्लन यांनी कॅन्सरवर वापरली. 1956मध्ये पहिला पेशंट होता एक चिमुरडा. कॅन्सरने एक डोळा गेलेला, दुसराही जायच्या बेतात. तो डोळा वाचला, नजरही वाचली. आजही हाय-एनर्जी रेडिएशन देणाऱ्या कित्येक मशीन्सच्या पोटात क्लायस्ट्रॉनच असतो.

आता सगळी झटापट आहे विजेची. स्लॅकच्या तीन किलोमीटर लांब अॅक्सिलरेटरसाठी असे दोनशेहून जास्त क्लायस्ट्रॉन लागले. पण दिलेल्या विजेतला मोठा हिस्सा नुसती उष्णता होऊन जातो आणि ती काढायला पुन्हा पाणी, पंप, खर्च. म्हणून सर्नमधले इंजिनिअर्स घोळके आणखी घट्ट कसे बांधायचे, यावर डोकं लावताहेत. आपल्याकडे पिलानीच्या सीरीमध्येही क्लायस्ट्रॉन बनवायचं काम चालतं.