यंत्राचें पत्र कोणी वाचावें?

धान्याची कोठी भरत आली तर ती डोळ्यांस दिसते. संगणकाची कोठी भरत आली तरी बाहेरून कांहींच दिसत नाहीं. मुलांच्या हजेरीचे व गुणांचे आंकडे हल्लीं ज्या संगणकांत सांठवितात, त्यास सर्व्हर म्हणतात, व त्यांतील सांठवणीच्या जागेस डिस्क. ती काठोकाठ भरली म्हणजे नवें अक्षर लिहिण्यास ठाव उरत नाहीं व चालतें काम एकाएकीं थांबतें.

ही केवळ कल्पना नव्हे. सन २०२३ च्या ऑगस्टच्या २९ तारखेस जपानांत टोयोटा कंपनीचे १४ कारखाने बंद पडले. सुटे भाग मागविण्याच्या कामीं असलेल्या कांहीं सर्व्हरांची डिस्क अपुरी पडली होती. मदतीस ठेवलेले सर्व्हरही त्याच व्यवस्थेवर चालत असल्यामुळें उपयोगी पडले नाहींत, असें कंपनीनेंच पुढें प्रसिद्ध केलें.

उपाय जुना व सोपा आहे. युनिक्स पद्धतीच्या संगणकांत ‘डीएफ’ ही आज्ञा सन १९७१ पासून आहे. डिस्कवर किती जागा मोकळी उरली हें ती सांगते. ‘क्रॉन’ नांवाची योजना ठरल्या वेळीं ती आज्ञा आपोआप चालविते, आणि थोड्याच ओळींची आज्ञावली तो आंकडा ई-मेलनें व्यवस्थापकाकडे धाडते.

परंतु एवढ्यानें भागतें असें आम्हांस वाटत नाहीं. रोज ‘सर्व ठीक’ असें पत्र येऊं लागलें, तर महिन्याभरांत तें कोणी उघडीत नाहीं. मग खऱ्या इशाऱ्याचें पत्रही तसेंच पडून राहतें. म्हणून इशारा शेंकडा ८० भाग भरल्यावरच यावा, म्हणजे जागा मोकळी करण्यास अवधि मिळेल. उलटपक्षीं, पत्र नाहीं म्हणजे सर्व कुशल, असेंही समजूं नये. भरलेल्या डिस्कवर कधीं कधीं पत्रासही जागा नसते! यासाठीं आठवड्यांतून एकदां साधा अहवाल यावा, तो दुसऱ्या संगणकानें पाठवावा, व वाचणारा मनुष्य नांवानिशीं नेमलेला असावा. सर्वांस धाडलेलें पत्र कोणाचेंच नसतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी पुढें हें काम पत्करतील. त्यांनीं हें ध्यानीं ठेवावें. आणि पालकांसही आमची एक विनंति आहे. प्रगतिपुस्तक न वाचतां त्यावर सही करणारा पिता व यंत्राचें पत्र न उघडणारा व्यवस्थापक, यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाहीं.