आम्लाचे बळ कसे जोखावे?

मराठवाड्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा नदी पुढे तेलंगणात शिरते. हैदराबादजवळील पाटनचेरूच्या कारखान्यांचे सांडपाणी नक्कावागू ओढ्यावाटे तिच्यापर्यंत गेले. काठची शेते व विहिरी नासल्या आणि १९९० साली ते गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. अशा पाण्यातील आम्ल जोखावयाचे कसे, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

प्रिय वाचकहो, डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली ‘पीएच’ हे माप दिले. शुद्ध पाण्याचा पीएच ७. आम्ल पाण्याचा त्याहून कमी. एक अंक उतरला की पाण्यातील मोकळे हायड्रोजन-आयन दसपट होतात. परंतु हा अंक केवळ मोकळे आयन मोजतो. आम्लाचे बळ काढावयाचे तर मुळात आम्ल किती घातले, हेही ठाऊक हवे.

समजा, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि शिरक्यातील अ‍ॅसेटिक आम्ल, दोन्ही लिटरमागे ०.१ मोल, म्हणजे सारख्याच कणसंख्येने घेतली. पहिल्याचा पीएच सुमारे १ येतो: त्याचे जवळजवळ सर्व कण फुटले. ते तीव्र आम्ल. दुसऱ्याचा २.९ येतो, म्हणजे मोकळे आयन केवळ ०.००१३ मोल, शंभरांतील एखाद-दुसराच कण फुटला. ते सौम्य. आता ०.००१३ चा वर्ग करून त्यास न फुटलेल्या ०.०९८७ ने भागावे. उत्तर सुमारे ०.००००१७ येते. हाच त्या आम्लाचा स्थिरांक. तो जितका लहान, तितके आम्ल सौम्य.

मात्र सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. दोन हौदांतील पाण्याचा पीएच सारखाच ३ असेल, पण एकात हायड्रोक्लोरिक व दुसऱ्यात अ‍ॅसेटिक आम्ल असेल, तर दुसऱ्यात एकूण आम्ल सुमारे ५८ पट असते. चुना टाकू लागताच न फुटलेले कण फुटत जातात, आणि ते पाणी निवविण्यास चुनाही तितकाच अधिक लागतो.

नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्याचा पीएच ५.५ ते ९ असावा, असा आपल्या देशाचा नियम आहे. तो योग्यच आहे. तथापि, कोणी पीएचचा कागद बुडवून एक अंक सांगितला, तर शेतकऱ्याने आणखी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: आम्ल कोणते, आणि एकूण किती?