कितवा घाणा?

फराळाच्या ताटाशी पुतणीला विचारले, "क्वांटम संगणकाचे तुमचे अडले कुठे?"

"काका, काकू एक घाणा तळते, चाखते, मोहन कमीजास्त करते, पुन्हा तळते. आमचेही तेच. क्वांटम यंत्राने रेणूची ऊर्जा मोजायची, साध्या संगणकाने आकडे बदलून द्यायचे. ऊर्जा नीचांकी येईपर्यंत हा फेरा! ब्रिस्टॉलच्या प्रयोगात हीलियम-हायड्राइडवर तो जमला, २०१४ साली."

"मग?"

"मग ओसाड पठार. क्यूबिट वाढले, सुरुवात कुठूनही केली, की कितीही चाखा, चव बदलतच नाही. गूगलच्या मंडळींनी हे २०१८ मध्ये दाखवले. २०१९ मध्ये व्हर्जिनिया टेकवाल्यांनी तोड सुचवली : सारे जिन्नस एकदम नकोत, ज्याने चव सर्वाधिक सुधारेल तो एकेकच घाला. चाखणे मात्र वाढते."

"आणि साध्या संगणकावर मात?"

"व्यवहारात उपयोगी पडेल अशी? अजून नाही."

वाचकहो, चार वर्षे पोर त्या पठारावर आहे. काय बोलावे सुचेना. मी चकली मोडली, खुसखुशीत होती.

"अहो ऐकलंत का, हा घाणा कितवा?" मी आत विचारले.

"पाचवा! आधीचे चार मोलकरणीलाही दाखवले नाहीत!"

पुतणी कितीतरी दिवसांनी हसली.