कोणाची कोण?



हदगावच्या आमच्या गेल्या बैठकीत एक मुलगी बोलायला उभी राहिली. बी.कॉम. झालेली, टायपिंग आणि संगणकाचे दाखले घेतलेली. वडील दुसऱ्याचे शेत बटईने करतात, आई मजुरीला जाते. तालुक्यातल्या एका पतसंस्थेत कारकुनाची जागा निघाली म्हणून ती मुलाखतीला गेली होती. हिशेबाचा एकही प्रश्न तिला विचारला नाही. नाव विचारले, गाव विचारले आणि मग समोरच्या गृहस्थांनी विचारले, "कोणाची कोण तू?" तिने वडिलांचे नाव सांगितले. "ते नाही गं. आपल्यात कोणाला ओळखतेस?" ती कोणालाच ओळखत नव्हती. पंधरा दिवसांनी कळले की त्या जागेवर एका संचालकांच्या मेहुण्याची सून बसली आहे.

मुलगी रडली नाही, चिडून बोलली. पण तिचे बोलणे संपल्यावर आमच्यातल्याच एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "यात नवल काय पोरी? आपली माणसं आपण नाही बघायची तर कोणी बघायची?" आणि बैठकीतल्या निम्म्या बायांनी माना डोलावल्या. त्या डोललेल्या मानांमुळे मी हे संपादकीय लिहायला घेतले. पतसंस्थेने अन्याय केला हे आम्हाला लगेच दिसते. पण हा अन्याय आपल्याला रीत वाटतो, मायेची रीत वाटते, हे जास्त अवघड दुखणे आहे.

ही रीत जुनी आहे. पाटीलकी, कुलकर्णीपण आणि देशमुखी बापाकडून मुलाकडे जायची. आणि महारकीही. म्हणजे कोणाच्या वाट्याला सन्मान आला आणि कोणाच्या वाट्याला वेठ आली, पण दोन्ही जन्मानेच आले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. पुढे राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात सरकारी नोकरीसाठी भेदभाव करू नये अशी जी कारणे लिहिली, त्यांत जात आणि लिंग यांच्याबरोबर 'कूळ' हाही शब्द आला. त्याच शब्दाच्या आधारे १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या ग्राम-मुन्सफाचे वंशपरंपरागत पद घटनाबाह्य ठरवले. कुळावरून नोकरी देणे हा या देशात भेदभाव आहे, ही गोष्ट तेव्हापासून कायद्याने पक्की आहे.

मग वतने गेली कुठे? माझ्या मते त्यातली काही पैशाच्या संस्थांमध्ये येऊन राहिली.

सहकाराची शिडी पायरीपायरीने पाहा. जिल्हा मध्यवर्ती बँकेत तालुक्याचा संचालक निवडायचा तर मत देतात गावोगावच्या सेवा सोसायट्यांचे प्रतिनिधी. त्या प्रतिनिधीच्या नावाचा ठराव सोसायटीत होतो. सोसायटीची कमिटी सभासद निवडतात. पीककर्ज घेणारा सभासद व्हायचे तर सातबाऱ्यावर नाव पाहिजे. आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये बायांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के होते. रानात निंदणी, खुरपणी, कापूसवेचणी करणाऱ्यांत मात्र बायाच जास्त दिसतात. म्हणजे बँकेच्या दारात पोचण्यापूर्वी, शिडीच्या पहिल्याच पायरीवर आपण गळालो. १९६० च्या सहकार कायद्यात २०१३ साली दुरुस्ती झाली, संचालक जास्तीत जास्त एकवीस ठरले आणि त्यांत दोन जागा बायांसाठी राखीव राहिल्या. त्या दोन जागांवर अनेक ठिकाणी कोण येते हे वाचकांना सांगायला नको: कोणाची तरी पत्नी किंवा कोणाची तरी सून. तिथेही प्रश्न तोच, कोणाची कोण?

कोणी म्हणेल, सून का होईना, बाईला नोकरी मिळाली ना? हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आहे. अशी नोकरी लागलेल्या काही जणींशी आम्ही बोललो. पगार कोणाच्या हातात जातो, बदली कोण थांबवते, सासरी पटेनासे झाले तर नोकरी टिकेल का, या प्रश्नांवर त्या गप्प झाल्या. जी नोकरी नात्याने मिळते ती नात्याच्या मुठीत राहते. नवऱ्याने मारले म्हणून ज्या घराविरुद्ध तक्रार करायची, त्याच घराने दिलेल्या खुर्चीवर ती बसलेली असते. तेव्हा वशिला जिला मिळत नाही तिचे नुकसान होतेच, पण जिला मिळतो तीही मोकळी होत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या सल्ला केंद्रात पुन्हा पुन्हा ऐकू येते. जिथे नाते कमी पडते तिथे पैसे भरावे लागतात, आणि मुलाच्या नोकरीसाठी 'भरलेले' पैसे लग्नात वसूल केले जातात. "बँकेत लागलाय" म्हटले की मुलाचा भाव चढतो. मुलीचा बाप जमीन गहाण टाकतो, आणि ती जमीन बहुतेक वेळा त्याच भागातल्या कुठल्या तरी संस्थेकडे गहाण पडते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. पण हुंड्याची मुळे शोधताना आपण फक्त लग्नाच्या मांडवात पाहतो. एक मूळ भरतीच्या खोलीतही आहे. भरती चोख झाली तर त्या खोलीतून निघणारा हुंड्याचा एक ओघ तरी आटेल.

आता उलट बाजू पाहू. पैशाच्या संस्थांना बायांची नाती नको असतात असे मुळीच नाही. गल्लीत दारोदार फिरून रोज वीस-पन्नास रुपये गोळा करणारी पिग्मी एजंट, बचत गटांचे व्यवहार लावून देणारी बँक सखी, छोट्या कर्जाच्या कंपनीसाठी दहा जणींची हमी जमवणारी गटप्रमुख, या कामांवर बाया हमखास दिसतात. का? कारण त्यांची जाऊ, नणंद, शेजारीण, माहेरची माणसे त्यांच्या शब्दावर पैसे ठेवतात. पुरुषाच्या नात्याला खुर्ची मिळते. बाईच्या नात्यावर ठेवी गोळा होतात आणि तिच्या हाती कमिशन पडते. पगार नाही, रजा नाही, निवृत्तीचे पैसे नाहीत. संस्था बुडाली की संचालक सापडत नाहीत, पण एजंटबाईचे घर सगळ्यांना माहीत असते. लोक तिच्याच दारात येऊन बसतात. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखा २०२३ साली बंद पडल्या तेव्हा ठेवीदारांचे हाल मराठवाड्याने पाहिले. अशा प्रत्येक बुडीत संस्थेमागे, आपल्याच भावकीपुढे मान खाली घालून जगणाऱ्या कितीतरी बाया असतात. त्यांची बातमी होत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. अमेरिकेतल्या जेपी मॉर्गन या बलाढ्य बँकेने चीनमधल्या अधिकाऱ्यांची आणि बड्या ग्राहकांची मुले-नातलग नोकरीला घेऊन धंदा मिळवला. त्या योजनेला बँकेतच 'मुलगे आणि मुली' असे नाव पडले होते. २०१६ साली तिला सुमारे २६ कोटी ४० लाख डॉलर भरून हे प्रकरण मिटवावे लागले. तिथे अशा नेमणुकीला लाचेचा प्रकार मानले गेले. आपण तिला माया म्हणतो.

दुसरी वाट आहे, हेही आपण पाहिलेले आहे. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे नांदेडला मुख्य कार्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ साली निघाली. या बँकांमध्ये लेखी परीक्षेने भरती होऊ लागली आणि ज्यांच्या घरात कोणी बँकेची पायरी चढले नव्हते अशा मुली कॅशच्या काउंटरमागे बसल्या. २०११ पासून आयबीपीएसची सामाईक परीक्षा आली. परीक्षा कोणाची कोण हे विचारत नाही. मात्र तिची गोडवे गाणारी आरती मी म्हणणार नाही. हदगावची मुलगी नांदेडला क्लासला जायची तर फी पाहिजे, खोली पाहिजे, आणि एकटी राहू देणारे घर पाहिजे. मुलासाठी हा खर्च निघतो, मुलीसाठी "लग्नाचं वय चाललंय" हे उत्तर निघते. तरीही परीक्षेशी भांडता येते, अभ्यास वाढवता येतो. भावकीशी असे भांडता येत नाही.

सहकारी बँकांमध्ये हा परीक्षेचा वारा फार उशिरा शिरला. अहमदनगर जिल्हा बँकेची २०१७ ची भरती तक्रारी आणि चौकशीत सापडली. २०२५ साली राज्य शासनाने जिल्हा बँकांची भरती आयबीपीएस, टीसीएस किंवा एमकेसीएल यांच्यामार्फत ऑनलाइन परीक्षेने करण्याचा आणि सत्तर टक्के जागा जिल्ह्यातल्या उमेदवारांसाठी ठेवण्याचा निर्णय केला. त्याचे स्वागत करू. पण गल्लोगल्लीच्या पतसंस्था आणि मल्टिस्टेट या निर्णयाच्या बाहेरच आहेत, आणि आमच्या मुली मुलाखतीला जातात त्या तिथेच.

एक विसंगती मात्र डोळ्यांत खुपते. नागरी सहकारी बँकांनी संचालकांना व त्यांच्या नातलगांना कर्ज देऊ नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २००३ साली दिला. नाते आणि पैसा एकत्र आले की ठेवीदार बुडतो, हे ओळखूनच तो दिला गेला. मग त्याच कर्जाची कागदपत्रे तपासणारा कारकून, वसुली अधिकारी आणि व्यवस्थापक संचालकांचे नातलग असतील तर? मामाच्या कर्जावर "तारण अपुरे" असा शेरा कोण भाचा मारणार? नातलगाला कर्ज देणे धोक्याचे आणि नातलगाला नोकरी देणे मायेचे, हे गणित जमत नाही. तेव्हा वशिल्याची भरती हा बेरोजगार मुलीपुरता प्रश्न नाही. तो तिथे पैसे ठेवणाऱ्या प्रत्येक विधवेचा, प्रत्येक बचत गटाचा प्रश्न आहे.

माहितीचा अधिकार वापरून गुणांची यादी मागा, असे आम्ही त्या मुलीला सांगणार होतो. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात ठरवले की, सरकारचा मोठा पैसा किंवा ताबा नसलेली सहकारी संस्था त्या कायद्याखाली थेट बांधील नाही. सहकार निबंधकांकडे कायद्याने जी माहिती पोचते किंवा जी ते मागवू शकतात, तेवढी त्यांच्यामार्फत मागता येते. ती वाट लांबची आहे, तरी आम्ही ती धरली आहे. दुसरी वाट जवळची आहे: संस्थेचे सभासद होणे, वार्षिक सभेला जाणे आणि उभे राहून विचारणे की, यंदा किती माणसे घेतली, जाहिरात कुठे दिली, गुण किती होते आणि संचालकांशी नाते काय.

हे लिहिताना स्वतःला बाजूला ठेवता येत नाही. काही वर्षांपूर्वी मी माझ्या भाचीसाठी एका ओळखीच्या संचालकांना फोन केला होता. "पोरगी हुशार आहे, तेवढं बघा," एवढेच म्हणाले होते. भाची हुशार होतीच. पण तिच्यासारखीच हुशार असलेली, फोन करणारी मावशी नसलेली कोणी तरी त्या रांगेत असेल, हे माझ्या मनात आले नाही. आणि आपल्या स्त्री-संघटनांचे काय? प्रकल्प आला की कार्यकर्तीच्या जागेवर आपण कोणाला घेतो? जाहिरात लावतो का? दलित वस्तीतली, तांड्यावरची, मुस्लिम मोहल्ल्यातली मुलगी आपल्या ओळखीच्या वर्तुळात नसते म्हणून आपल्या कार्यालयातही नसते. हा दोष दुसऱ्यांचा सांगून भागणार नाही.

म्हणून आमच्या गटाने काही गोष्टी ठरवल्या आहेत, तुम्हीही त्यावर बोला. आमच्या संस्थेत कुठलीही जागा भरताना जाहिरात गावातल्या चार वस्त्यांत लावायची, नातेसंबंध लेखी जाहीर करायचा आणि ज्या सभासदाचे नाते आहे तिने निवडीच्या वेळी बाहेर बसायचे. ज्या पतसंस्थांत आपल्या बचत गटांचे पैसे आहेत त्यांच्याकडे हीच मागणी लेखी करायची, आणि उत्तर आले नाही तर पुढची ठेव ठेवताना ते लक्षात ठेवायचे. पिग्मीचे काम करणाऱ्या बायांनी करारपत्र मागायचे. आणि सगळ्यांच्या मुळाशी असलेला सातबारा सोडायचा नाही. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. तरी राखीच्या नाहीतर भाऊबीजेच्या ओवाळणीत आपण हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन मोकळ्या होतो. भाऊ तुटेल ही भीती खरी आहे. पण त्या एका सहीने आपण शेतीबरोबर सोसायटीतले मत आणि बँकेतला आवाजही सोडून देतो, हे सही करण्यापूर्वी एकमेकींना सांगू.

बैठकीतल्या त्या मावशींनी शेवटी मला विचारले, "मग आपली माणसं बघायचीच नाहीत का?" बघायची, मावशी. फक्त आपली म्हणजे कोण, ते पुन्हा ठरवायचे. बटईदाराची ती बी.कॉम. झालेली पोरगी आपलीच आहे. पुढच्या महिन्यात ती आणखी एका मुलाखतीला जाते आहे. तिला विचारले, "या वेळी कोणाची कोण म्हणाले तर काय सांगशील?" ती म्हणाली, "सांगीन, संस्थेची सभासद आहे. गेल्या आठवड्यातच शेअर घेतलाय."