कळ यंत्राची, पारख माणसाची

कुंभकोणम हे कुंभाच्या नावाने ओळखले जाणारे नगर आहे. प्रलयात वाहत आलेला अमृतकुंभ येथे स्थिरावला, अशी तेथील स्थळपुराणाची श्रद्धा आहे. कावेरीच्या सुपीक खोऱ्यात वसलेल्या या नगराच्या चोहीकडे भातशेती पसरलेली आहे. तंजावरच्या भोसले राजवटीच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत, अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली. बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्रासही परिचित असलेले राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये याच नगरात झाला. भाकरीच्या मुलखातून आलेल्या या कुटुंबांच्या ताटात कालांतराने भाताने मानाचे स्थान पटकावले, यात नवल नाही.

आज येथील अनेक स्वयंपाकघरांत इलेक्ट्रिक राइस कुकर विराजमान झाला आहे. त्याच्याविषयीची तक्रारही घरोघरी सारखीच असते: भात कधी गिच्च होतो, कधी टणक राहतो, तर कधी तळाशी लागतो. दोष बहुधा यंत्राच्या माथी मारला जातो. वस्तुतः दोष असतो तो यंत्राकडून बाळगलेल्या अपेक्षेचा. हे यंत्र नेमके काय जाणते, हे समजून घेतल्यास पुष्कळशा तक्रारी आपोआप मिटतील.

स्वयंचलित विजेचा राइस कुकर प्रथम १९५५ मध्ये जपानमधील तोशिबा कंपनीने बाजारात आणला. त्याची रचना योशितादा मिनामी या लघुउद्योजकाची; परंतु तिच्यामागील ज्ञान बव्हंशी त्यांच्या पत्नी फुमिको यांचे होते. वेगवेगळ्या हवामानात पुनःपुन्हा भात शिजवून, तापमान व वेळ यांच्या नोंदी त्या माउलीने ठेवल्या. उकळी आल्यानंतर सुमारे २० मिनिटांनी भात उत्तम शिजतो, या निरीक्षणावर ते यंत्र उभे राहिले.

सध्या प्रचलित असलेल्या साध्या कुकरचे तत्त्व याहूनही सुटसुटीत आहे. आतल्या भांड्याच्या तळाशी एक चुंबक टेकलेला असतो. भांड्यात मोकळे पाणी आहे तोवर तळाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. पाणी आटले, की ते झपाट्याने वर चढते. चुंबकाची शक्ती क्षीण होते आणि कळ सुटते. याचा अर्थ इतकाच, की ‘पाणी संपले’ एवढे एकच वृत्त यंत्रास कळते. तांदूळ कच्चा आहे की उकडा, नवा आहे की जुना, शीत शिजले की नाही, यांपैकी कशाचाही त्यास पत्ता नसतो. पाणी कमी घातले तर ते अर्धकच्च्या भातावरही ‘झाले’ असा शेरा मारून मोकळे होते.

फुमिको यांच्यासमोर होता तो जपानचा आखूड, चिकटसर दाण्याचा तांदूळ. कुंभकोणमच्या घरात असतो तो बहुधा पोन्नी, आणि तोही अनेकदा ‘पुळुंगल अरिसी’, म्हणजे आपला उकडा तांदूळ. जपानी यंत्र आणि तमिळ तांदूळ यांचे सूत जुळवायचे, तर मध्यस्थ जाणता हवा. शेतीच्या क्षेत्रात असे सूत येथे पूर्वीच जुळले आहे. कुंभकोणमनजीकच्या आडुतुरै येथील भात संशोधन केंद्राने १९६५ मध्ये प्रसारित केलेले ए.डी.टी. २७ हे वाण जपानी व भारतीय भाताच्या संकरातून सिद्ध झाले होते. तथापि ते जसेच्या तसे आयात केलेले नव्हते. येथील माती आणि हंगाम यांच्या कसोटीवर पारखून निवडलेले होते. स्वयंपाकघरातही हीच दृष्टी हवी.

काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. कुकरसोबत येणारा मापाचा पेला बहुधा १८० मिलिलिटरचा असतो व भांड्यावरील रेघा त्याच मापाच्या असतात. घरातली वाटी वापरून रेघेवर विसंबणे म्हणजे एका खात्याची नोंद दुसऱ्या खात्यात करणे होय. कच्चा तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवावा व त्यास साधारण दुप्पट ते अडीचपट पाणी घालावे. उकड्या तांदळास तासभर तरी भिजू द्यावे व पाणी तिप्पट वा किंचित अधिक लागते. नव्या तांदळास पाणी कमी, जुन्यास जास्त. भांड्याची बाहेरची बाजू कोरडी करूनच ते आत ठेवावे. तळाखाली अडकलेले एखादे शीतही कळ अवेळी सोडविण्यास पुरेसे असते. कळ सुटल्यावर १० ते १५ मिनिटे झाकण न उघडता भात मुरू द्यावा. भात तासन्‌तास कोमट ठेवणे आरोग्यास घातक आहे, कारण तापमान ६० अंशांखाली उतरल्यास त्यात अपायकारक जिवाणूंची वाढ होऊ शकते.

भरपूर पाण्यात भात शिजवून पेज वेळण्याची रीत कोकणाप्रमाणे कावेरीकाठीही रूढ आहे. कुकरच्या भातास ती सर नाही, असे ज्येष्ठांचे मत असते आणि मोकळ्या शितांच्या बाबतीत ते खरेही आहे. मात्र वेळलेल्या पाण्यासोबत ब गटातील जीवनसत्त्वांचा काही अंश निघून जातो. कुकरमध्ये तो भातातच राहतो. या जीवनसत्त्वांचे मोल येथील आहारपरंपरेने पूर्वीच सिद्ध केले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, गिरणीत पांढरा केलेला कच्चा तांदूळ खाणाऱ्या उत्तर सरकार प्रांतात बेरीबेरीचा उपद्रव होता. उकडा तांदूळ खाणाऱ्या तमिळ भागात तो तुलनेने फारच कमी आढळे. तांदूळ उकडताना कोंड्यातील सत्त्व दाण्यात उतरते, हे त्याचे कारण.

याहून महत्त्वाचा प्रश्न माणसांचा आहे. मुले चेन्नईस, बंगळूरला वा परदेशी गेलेली आणि घरी वृद्ध आईवडील, हे चित्र कुंभकोणमपासून कोल्हापूरपर्यंत सारखेच आहे. उकळत्या पेजेचे जड पातेले थरथरत्या हातांनी कलते करण्याचा धोका कुकर टाळतो. भात शिजत ठेवल्याचा विसर पडला, तरी कळ आपले काम करते. ही सोय लहान मानता येणार नाही. परंतु ज्या हातांना पातेले पेलवत नाही, त्याच हातांत तांदळाची पारख आहे. दाणा दातांखाली दाबून तो नवा की जुना हे सांगणारी पिढी हळूहळू मावळत आहे आणि तिच्यासोबत हे ज्ञानही लोप पावण्याचा संभव आहे.

त्यावर उपाय साधा आहे. बँकेच्या पासबुकासारखी एक लहानशी वही कुकरशेजारी ठेवावी. नवे पोते उघडले, की तांदळाचे नाव, भिजविण्याचा वेळ, पाण्याचे माप व भाताचा गुण यांची नोंद तीत करावी. माप आजीने सांगावे आणि लेखणी नातवंडांनी धरावी. फुमिको यांनी जपानात जे केले, तेच प्रत्येक घराने आपल्या तांदळासाठी करावयाचे आहे.

‘शितावरून भाताची परीक्षा’ असे मराठी म्हणते. ‘ओरु पानै सोट्रुक्कु ओरु सोरु पदम’, म्हणजे हंडीभर भातास एक शीत प्रमाण, असे तमिळ सांगते. बँकेत संगणक व्याजाची आकडेमोड बिनचूक करतो, पण अर्जामागील माणूस ओळखण्याचे काम अधिकाऱ्याच्या नजरेवरच सोपवावे लागते. कुकरचेही तसेच आहे. कळ सुटल्यावर झाकण उघडून एक शीत बोटांत दाबून पाहण्याचे काम अद्याप माणसाकडेच आहे आणि ते त्याने सोडू नये.