दान द्यावे ते चालते

पूर ओसरला म्हणजे संकट टळले असे नव्हे. खरी कसोटी गाळ उपसताना लागते. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरने आणि २०२१ च्या जुलैत महाड-चिपळूणने हे अनुभवले आहे. अशा वेळी पालिकांनी वापरातील कचरागाड्या संकटग्रस्तांस, प्रसंगी शेजारी राष्ट्रांसही द्याव्यात, असे आमचे मत आहे. मात्र १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी व पालिकांच्या वाहनांची नोंदणी आपल्याकडे रद्द ठरते. त्या उंबरठ्यावरची गाडी देणे म्हणजे आपले भंगार दुसऱ्याच्या दारी लोटणे होय. पिंपरी-चाकण हा तर वाहने घडविणारा पट्टा! येथून जावी ती धडधाकट गाडी, सुट्या भागांसह आणि कारागिरासह. नेपाळ-श्रीलंकेतही वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात. तेव्हा प्रश्न रस्त्याचा नाही, दानतीचा आहे.