दुसऱ्यांदा विहिरीत उतरताना

रोजेदाराला दुपार टळल्यावर घोटभर पाण्याचे मोल कळते. अशाच तहानेची एक गोष्ट हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या वचनांच्या व आचरणाच्या नोंदींत सांगितली आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत ती येते. वाटेने चाललेला एक माणूस तहानेने व्याकूळ होऊन विहिरीत उतरतो. पाणी पिऊन वर येतो, तर एक कुत्रा तहानेपोटी ओली माती चाटताना दिसतो. माणूस पुन्हा विहिरीत उतरतो, पायातला चामडी मोजा पाण्याने भरतो, तो दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. या कृतीमुळे अल्लाह त्याला क्षमा करतो.

या गोष्टीतला माणूस वाटसरू आहे. कुत्रा त्याचा होता, असेही कुठे म्हटलेले नाही. परमुलखात रस्त्याकडेला एखादे जखमी कुत्रे दिसले, तर ‘आपण दोन दिवसांचे पाहुणे, आपल्याला काय करायचे?’ असे म्हणणाऱ्याला ही गोष्ट अडवते.

मुस्लिम प्रवाशाच्या मनात आणखी एक अडचण असते. कुत्र्याची लाळ लागली तर कपडे नापाक होतील, मग नमाज कशी पढायची? कोकणातले बहुसंख्य मुस्लिम शाफई, तर घाटावरचे बहुतेक हनफी. दोन्ही पंथांत लाळ अशुद्धच मानतात. मालिकी पंथाचे मत वेगळे आहे. पण कुठल्याही पंथात त्यावरचा उपाय धुणे हाच आहे, जखमी जीव टाकून जाणे नव्हे. कपडा धुऊन स्वच्छ होतो. तुर्कस्तानातले बहुसंख्य मुस्लिमही हनफीच. तरीही इस्तंबूलच्या गल्ल्यांत दुकानदार कुत्र्यामांजरांसाठी पाण्याची भांडी ठेवतात.

याच शहराने उलटेही पाहिले आहे. १९१० मध्ये तिथल्या प्रशासनाने हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या सिव्रियादा या ओसाड बेटावर सोडली. ती तिथे भुकेने आणि तहानेने मेली. आजही तो वाद संपलेला नाही. २००४ च्या कायद्यानुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडले जाई. कानातला बिल्ला ही त्याची खूण. कुत्र्यांच्या हल्ल्यांत होरपळलेल्या कुटुंबांचाही आवाज होता, आणि तो खोटा नव्हता. जुलै २०२४ मध्ये संसदेने कायदा बदलला. आता पालिकांनी ही कुत्री पकडून, कोणी दत्तक घेईपर्यंत निवाऱ्यात ठेवायची आहेत. आक्रमक किंवा असाध्य आजाराच्या कुत्र्यांना मारण्याचीही मुभा आहे.

म्हणून परक्या प्रवाशाचा नुसता कळवळा पुरत नाही. तळमळीने केलेल्या एका फोनमुळे कुत्रे त्याच्या गल्लीला कायमचे मुकू शकते. त्याआधी समोरच्या चहावाल्याला किंवा औषधाच्या दुकानात विचारावे. अनेकदा त्या कुत्र्याला ओळखणारा, रोज खाऊ घालणारा माणूस दहा पावलांवर असतो. जवळचा पशुवैद्य त्यालाच ठाऊक असतो. प्रवाशाने गाडीची सोय करावी, औषधपाण्याचा खर्च उचलावा आणि पुढे कोण पाहणार, हे ठरल्याशिवाय निघू नये.

वेदनेत असलेले गरीब कुत्रेही चावते. त्याच्या तोंडाजवळ चेहरा नेऊ नये, उचलावेच लागले तर जाड कापड टाकून उचलावे. दात किंवा नख लागलेच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तुर्कस्तानात रेबीज आहे, आपल्याकडेही आहे. लस घेण्यासाठी घरी परतण्याची वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

रमजानचीच आणखी एक आठवण. हिजरी सन ८ मध्ये, म्हणजे इ.स. ६३० च्या आरंभी, पैगंबर सुमारे दहा हजारांच्या फौजेसह मक्केकडे निघाले होते. वाटेत एक कुत्री पिल्लांना पाजत होती. तिला कोणी त्रास देऊ नये म्हणून त्यांनी एका माणसाला तिच्याजवळ पहाऱ्यावर उभे केले, असे इतिहासकार वाकिदी यांनी नोंदवले आहे. मोहीम मोठी होती, तरी एका कुत्रीसाठी एक माणूस मागे ठेवणे त्यांना जड वाटले नाही.

परदेशी फिरणाऱ्याचे वेळापत्रक त्या मोहिमेपेक्षा घाईचे नसते. हळहळ वाटली, फोटो काढला आणि बस पकडली, इथवर तर पुष्कळ जण येतात. हदीसमधला वाटसरू पहिल्यांदा विहिरीत उतरला तो स्वतःच्या तहानेसाठी. क्षमा मिळाली ती दुसऱ्यांदा उतरल्याबद्दल.